पान तीनवरचे दोन शब्द

"शेख मॅडम, त्या लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या ट्रायलचं आयसीएफ तुम्हीच केलं होतं ना?"

फोन नेहाचा होता. सकाळचे दहा वाजले होते आणि मी एका वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेत अडकले होते. नेहा खराडीच्या एका ट्रान्सलेशन एजन्सीत प्रोजेक्ट मॅनेजर. आमच्यासारख्या घरून काम करणाऱ्यांना काम वाटायचं, वेळेत परत घ्यायचं आणि क्लायंटला पाठवायचं, ही तिची नोकरी. एरवी तिचा फोन म्हणजे "मॅडम, अर्जंट आहे" एवढंच. त्या दिवशी ती जपून बोलत होती.

मी हो म्हणाले. मग तिने सांगितलं की एका मुलीच्या वडिलांनी हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीकडे, म्हणजे अशा संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीकडे, लेखी तक्रार केली आहे. फॉर्म मराठीत होता, पण त्यात काय लिहिलंय ते आपल्याला कळलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शुक्रवारी मीटिंग होती आणि कमिटीने अनुवादकाला बोलावलं होतं.

"अनुवादकाला? एजन्सीला नाही?"

"तुम्हालाच, मॅडम. सर्टिफिकेटवर तुमची सही आहे."

आयसीएफ म्हणजे इन्फॉर्म्ड कन्सेंट फॉर्म. मराठीत संमतीपत्रक. उपचारांवर संशोधन करायचं असेल तर रुग्णाला आधी सगळं सांगावं लागतं, त्याच्या भाषेत, लेखी. ते वाचून त्याने सही केली तरच त्याला संशोधनात घेता येतं. रुग्ण लहान मूल असेल तर सही आईवडील करतात. मूळ फॉर्म इंग्रजीत असतो, त्यामुळे त्याचं मराठी करणारं कोणीतरी लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी.

मी मूळची मायक्रोबायॉलॉजीची. दहाएक वर्षं एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होते. मुलं झाल्यावर नोकरी सोडली आणि बिबवेवाडीच्या घरातून अनुवाद सुरू केला. दिवस बरे होते. बाहेरच्या कंपन्या येत होत्या आणि प्रत्येकीला आपला मिक्सर, आपला मोबाइल, आपला विमा मराठीत हवा होता. पाठोपाठ क्लिनिकल रिसर्चवाले आले. विज्ञान कळणारी आणि मराठी लिहिणारी माणसं थोडी होती, त्यामुळे ती कामं आपोआप माझ्याकडे यायला लागली.

माझं शिक्षण महापालिकेच्या मराठी शाळेतलं. तरी प्रत्येक नवीन क्लायंट एकदा म्हणायचाच, "शेख असूनही तुमचं मराठी किती शुद्ध आहे." मी हसून सोडून द्यायचे. पण त्या 'असूनही'चा परिणाम होत होता. शब्द निवडताना मी गरजेपेक्षा जरा जास्तच शुद्ध निवडायचे. हे मला तेव्हा कळत नव्हतं, किंवा कळत असून कबूल करायचं नव्हतं.

आता ट्रायलबद्दल. तिच्यामागे एक ट्रस्ट होता. लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या उपचारांचं संशोधन व्हावं म्हणून काढलेला. काढणारे राजाध्यक्ष नावाचे गृहस्थ. त्यांची स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी होती. अशा कामांत पैसे देणारा माणूस अनुवादकाला कधी दिसत नाही. राजाध्यक्ष मात्र पहिल्या मीटिंगला स्वतः आले होते. उंच, सावकाश बोलणारे. त्यांनी आम्हा सगळ्यांना, म्हणजे डॉक्टर, कोऑर्डिनेटर, नेहा आणि मला, हे काम का काढलंय ते सांगितलं.

त्यांच्या मुलीला पाचव्या वर्षी ल्युकेमिया झाला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. ती बरी झाली. पूर्ण बरी. शाळा झाली, बारावी झाली. एकोणिसाव्या वर्षी तिला जिना चढताना दम लागायला लागला. लहानपणी दिलेल्या औषधांपैकी एकाने तिचं हृदय कमकुवत केलं होतं. ते औषध कॅन्सरवर चांगलं चालतं, पण काही मुलांच्या हृदयावर त्याचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसतो. वर्षभरात ती गेली.

"ती आजाराने गेली असती तर मी हॉस्पिटलला एखादी खोली बांधून दिली असती," ते म्हणाले. "ती उपचाराने गेली. म्हणून मला उत्तर हवंय."

त्यांचा प्रश्न साधा होता. ज्या मुलांचा आजार कमी धोक्याचा आहे, त्यांना हे औषध वगळून चालेल का? हे शोधायचं तर निम्म्या मुलांना सगळी औषधं द्यायची, निम्म्यांना ते एक सोडून बाकीची, आणि काही वर्षांनी दोन्ही गटांची तुलना करायची. कोणतं मूल कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरने ठरवायचं नाही. डॉक्टरने ठरवलं तर तो नकळत बरी दिसणारी मुलं एका बाजूला टाकतो आणि मग तुलनेला अर्थ राहत नाही. म्हणून ते कॉम्प्युटर ठरवतो, कशाचाही विचार न करता. याला रँडमायझेशन म्हणतात.

माझ्या पहिल्या मसुद्यात पान तीनवर मी हे असं लिहिलं होतं: 'हा उपचारांचा प्रयोग आहे. तुमच्या मुलाला कोणते उपचार मिळतील हे डॉक्टर ठरवणार नाहीत. चिठ्ठ्या टाकून ठरवावं, तसं ते कॉम्प्युटर ठरवेल. निम्म्या मुलांना एक औषध दिलं जाणार नाही. ते न दिल्याने आजार परत येण्याचा धोका वाढतो का, हे आम्हाला अजून माहीत नाही.'

मसुदा लाल होऊन परत आला. तपासणाऱ्याचं म्हणणं होतं की 'प्रयोग' म्हटल्यावर पालकांना वाटेल आपल्या मुलांना उंदीर समजतात; 'चाचणी' करा. 'चिठ्ठ्या' म्हणजे तर भिशी वाटते. 'यादृच्छिक पद्धतीने' करा. दोन्ही शब्द ग्लॉसरीत आहेत. ग्लॉसरी म्हणजे क्लायंटने मंजूर केलेल्या शब्दांची यादी. ती बाहेरून येते आणि तिच्याशी भांडता येत नाही. आमच्या हातात असते ती क्वेरी शीट. शंका असेल तर त्यात लिहायची. मी लिहिली. चाचणी म्हटल्यावर लोक रक्ताची तपासणी समजतील आणि यादृच्छिक हा शब्द कोणाला कळणार नाही, असं दोन ओळींत लिहिलं. उत्तर आलं: 'नोंद घेतली. ग्लॉसरीप्रमाणे करावे.'

मी ग्लॉसरीप्रमाणे केलं. वाक्य असं झालं: 'या चाचणीत सहभागी बालकांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात येईल. "ब" गटातील बालकांच्या उपचारक्रमात अँथ्रासायक्लिन या घटकाचा समावेश नसेल.' धोक्याचं वाक्य मूळ इंग्रजीप्रमाणे पान सातवर गेलं, इतर जोखमींच्या यादीत.

खोटं कशाला बोलू, ते वाक्य वाचून मला बरं वाटलं होतं. घट्ट, निर्दोष, सरकारी राजपत्रात शोभेल असं. मग बॅक ट्रान्सलेशन झालं. म्हणजे मूळ इंग्रजी न बघितलेला दुसरा अनुवादक आपलं मराठी परत इंग्रजीत करतो आणि मग दोन्ही इंग्रजी ताडून बघतात. अनुवाद तपासायची ही जगभर मान्य असलेली पद्धत. त्या माणसाने 'चाचणी'चं ट्रायल केलं आणि 'यादृच्छिक'चं रँडम. तो आमच्याच धंद्यातला होता, त्याला दोन्ही शब्द पाठ होते. सगळं तंतोतंत जुळलं. मी अनुवाद अचूक असल्याच्या सर्टिफिकेटवर सही केली. फॉर्म छापून हॉस्पिटलात गेला आणि मी तो विसरून गेले. नेहाचा फोन आला तोवर त्या फॉर्मवर बऱ्याच आईवडिलांनी सह्या केलेल्या होत्या.

त्याच दुपारी एजन्सीचे मालक मराठे यांचा फोन आला. मराठे वाईट माणूस नव्हेत. त्यांनी मला समजावलं की घाबरायचं काही कारण नाही, आपण प्रोसेस पाळली आहे.

"दोनच वाक्यं बोला," ते म्हणाले. "अनुवाद मूळ मजकुराप्रमाणे आहे आणि बॅक ट्रान्सलेशन पास झालंय. बस. क्वेरीचा विषय काढू नका. तो क्लायंटचा आणि आपला आतला मामला आहे."

मी बघते म्हणाले. जुन्या मेलमधून ती क्वेरी शोधून काढली. तिची, उत्तराची आणि पहिल्या मसुद्याच्या पान तीनची प्रिंट घेतली. मग छापलेला फॉर्म अनोळखी माणसासारखा वाचून बघायचा प्रयत्न केला. मला ते जमलं नाही. अर्थ ठाऊक असलेल्या माणसाला ते वाक्य कळतच राहतं.

शुक्रवारी कमिटीच्या खोलीत लांब टेबलाभोवती सात-आठ जण होते. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश. ट्रायलचे मुख्य डॉक्टर, आणखी दोन डॉक्टर, एक वकीलबाई, आणि नियमाप्रमाणे एक 'सामान्य नागरिक', म्हणजे ज्याचा वैद्यकशास्त्राशी संबंध नाही असा सदस्य. हे सामान्य नागरिक बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले होते. राजाध्यक्ष भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले होते. त्यांना बोलायचा अधिकार नव्हता, फक्त ऐकायचा.

तक्रारदार कांबळे. चाळिशीचे असतील. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टॅग बांधलेली फाइल. धायरीत राहणारे, सरकारी कार्यालयात आवक-जावक बघणारे क्लार्क. मी मनात धरून आले होते की कोणीतरी कमी शिकलेला, चिडलेला माणूस असेल. त्यांनी फाइल उघडली, माझ्या फॉर्मची झेरॉक्स टेबलावर सरळ ठेवली आणि अध्यक्षांची परवानगी घेऊन बोलायला लागले.

"साहेब, मी सरकारी नोकर आहे. कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. हा कागद मी तीन वेळा वाचला. चाचणी म्हणजे मला वाटलं, मुलीच्या जादा रक्ततपासण्या करणार आहेत. तपासणीसाठी मुलांचे दोन गट केलेत. यादृच्छिक हा शब्द मला नवीन होता, पण त्यात मला इच्छा दिसली. म्हणजे डॉक्टर मुलीला बघून आपल्या इच्छेने गट ठरवतील, असा मी अर्थ लावला. कोऑर्डिनेटरना विचारलं तर म्हणाले, सगळं कागदात दिलंय."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. त्यांची मुलगी प्रज्ञा, सहा वर्षांची. उपचार चालू असताना वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईने सहज विचारलं होतं की हिला लाल सलाइन कसं नाही लावलं. ते औषध रंगाने लाल असतं. वॉर्डातल्या सगळ्या आयांना ते माहीत असतं. प्रज्ञाच्या आईला वाटलं, हिची तब्येत चांगली आहे म्हणून लागलं नसेल. त्यांनी नातेवाइकांना तसं कौतुकाने सांगितलंसुद्धा. त्यानंतर आठ महिन्यांनी आजार परत आला. तेव्हा कांबळेंनी दुसऱ्या डॉक्टरला कागद दाखवले आणि लाल औषध का नव्हतं ते त्यांना पहिल्यांदा कळलं.

"इंग्रजी असतं तर मी चार जणांना विचारलं असतं," ते म्हणाले. "मराठी होतं, म्हणून विचारलं नाही."

मी माझ्या हातांकडे बघत होते.

मुख्य डॉक्टरांनी त्यांची बाजू मांडली. ते तळमळीने बोलत होते. सगळी औषधं दिलेल्या मुलांमध्येही आजार परत येतो. प्रज्ञाच्या बाबतीत तो औषध वगळल्यामुळे आला की एरवीही आला असता, हे एका मुलावरून कोणालाच सांगता येणार नाही. ट्रायल पूर्ण झाली तर सांगता येईल, त्यासाठीच तर ती आहे. कांबळे हे सगळं लिहून घेत होते.

वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, हा अनुवाद बरोबर आहे का?"

मराठेंची दोन वाक्यं माझ्याकडे तयार होती. पहिलं मी म्हटलंही. अनुवाद मूळ मजकुराप्रमाणे आहे. दुसऱ्याच्या जागी वेगळंच बाहेर पडलं.

"पण तो कळण्यासारखा नाही. आणि हे मला तेव्हाच माहीत होतं."

मी क्वेरीची प्रिंट पुढे सरकवली. ती टेबलावरून एकेकाच्या हातात गेली. अध्यक्षांनी सामान्य नागरिकांना विचारलं की मंजुरीच्या वेळी आपण मराठी फॉर्म वाचला होता ना. ते म्हणाले, आपल्याला इंग्रजी प्रत आली होती आणि ती अगदी स्पष्ट होती.

मीटिंग संपल्यावर कांबळे कॉरिडॉरमध्ये माझ्यासाठी थांबले होते. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी शांतपणे विचारलं की पहिला मसुदा माझ्याकडे आहे का. मी पान तीनची प्रिंट दिली. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली. मग परत वाचली.

"हे कळलं असतं," ते म्हणाले. "कळलं असतं तर मी सही केली नसती. कोणीच केली नसती, मॅडम. मग तुमचं हे चालणार कसं होतं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांनी ते पान मागून घेतलं आणि फाइलला लावलं.

कमिटीचा निर्णय आठवड्याने आला. नवीन मुलं घेणं तात्पुरतं थांबवायचं. फॉर्म सोप्या मराठीत पुन्हा लिहायचा. आणि आधी सही केलेल्या प्रत्येक कुटुंबाला बोलावून, सगळं समजावून, पुन्हा संमती घ्यायची. फॉर्म मीच लिहावा असं डॉक्टरांनी सुचवलं. मी मोबदला घेणार नाही म्हणून सांगितलं आणि या वेळी ग्लॉसरी बंद करून ठेवली. लिहिलेलं सोसायटीच्या वॉचमनला वाचून दाखवलं, इस्त्रीवाल्या काकांना दाखवलं. माझ्या आईला वाचून दाखवलं. ती चौथीपर्यंत शिकलेली, तीही उर्दूत. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं की म्हणजे अर्ध्या मुलांना ते औषध देणारच नाहीत, आणि असं असून त्यांच्या आया सही करतील? तेव्हा मला कळलं की फॉर्म चांगला झालाय.

पुन्हा संमती घेताना भाषेची अडचण आली तर असावी म्हणून मला हॉस्पिटलात बसायला सांगितलं. मी तीन दिवस बसले. डॉक्टर समजावून सांगत होते, घाई न करता. हृदयाच्या धोक्याबद्दलही सांगत होते, की हे औषध दिलेल्यांपैकी काही मुलांना पुढे त्रास होऊ शकतो. आईवडील ऐकायचे, पान तीन वाचायचे आणि पेन खाली ठेवायचे. पुढे केव्हातरी होऊ शकणारा हृदयाचा त्रास आणि आज परत येऊ शकणारा कॅन्सर, यांत निवड करायला फार वेळ लागत नव्हता. एका रिक्षावाल्याने विचारलं की माझ्या मुलाचं लाल औषध राहिलंय, ते आता देता येईल का. एका बाईंनी मलाच विचारलं की आधी हे असं का नव्हतं लिहिलं. मी त्यांना ग्लॉसरीबद्दल सांगायला लागले आणि मध्येच थांबले.

बहुतेकांनी नाव काढून घेतलं. थोड्यांनी ठेवलं, त्यांतल्या काहींनी केवळ डॉक्टरांचा चेहरा बघून. नवीन मुलं घ्यायला परत सुरुवात झाली तेव्हा जवळपास कोणी यायला तयार होईना. काही महिने वाट बघून विश्वस्तांनी ट्रायल बंद केली. मुख्य डॉक्टरांनी शेवटचा अहवाल लिहिला. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं, की मुलांची संख्या पुरेशी नसल्याने कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. हॉस्पिटलला तो मराठीतही हवा होता. तो अनुवादही मीच केला. त्या वाक्याला एकही अवघड शब्द लागला नाही.

राजाध्यक्षांनी एकदा भेटायला बोलावलं. खराडीत सहाव्या मजल्यावर त्यांची केबिन होती. बाहेर तरुण मुलंमुली कीबोर्डवर काम करत होती. मी माफी मागायच्या तयारीने गेले होते. त्यांनी ती मागू दिली नाही.

"तुम्ही बोललात ते योग्यच होतं," ते म्हणाले. "मी तुमच्या जागी असतो तर आधीच बोललो असतो, असं मला म्हणायला आवडेल. पण मी तो मराठी फॉर्म वाचला होता. छापायच्या आधी. मला तो छान वाटला होता."

मी अहवालाची मराठी प्रत त्यांच्यासमोर ठेवली.

"म्हणजे आता ते औषध सगळ्या मुलांना मिळत राहणार," ते म्हणाले.

"हो."

"आणि त्यांतल्या काहींना एकोणिसाव्या वर्षी जिना चढवणार नाही. ते कोणाच्या फॉर्ममध्ये येणार नाही."

चहा आला होता. दोघांनीही घेतला नाही. ट्रस्ट पुढे वॉर्डातल्या मुलांना खेळणी आणि वह्या देत राहिला. संशोधन सोडलं.

प्रज्ञा मार्चमध्ये गेली. कांबळेंनीच फोन करून कळवलं, अगदी कार्यालयीन आवाजात. पुण्यानुमोदन रविवारी आहे, सवड असेल तर यावं, म्हणाले. मी धायरीला गेले. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली प्रज्ञाचा, केस असतानाचा. माणसं दारापर्यंत बसली होती. भन्तेंनी वंदना घेतली. प्रज्ञाची आई एकदाही रडली नाही. कोणी पाणी पुढे केलं की ती पीत होती आणि पेला परत देत होती.

सगळं झाल्यावर कांबळे मला आतल्या खोलीत घेऊन गेले. तीच फाइल त्यांनी काढली. आता ती जाड झाली होती. प्रत्येक कागदाला क्रमांक, पहिल्या पानावर अनुक्रमणिका. शेवटचा कागद मुख्य डॉक्टरांच्या अहवालाची मराठी प्रत होती. त्यांनी माझ्या वाक्यावर बोट ठेवलं.

"हे मला नीट कळलं," ते म्हणाले. "तरी तुमच्याकडून एकदा ऐकायचंय. तिला लाल औषध मिळालं असतं तर ती राहिली असती का, हे आता कोणाला सांगता येणार नाही. कधीच नाही. बरोबर?"

"या अभ्यासातून तरी नाही."

"अभ्यास पूर्ण झाला असता तर?"

अभ्यास पूर्ण झाला असता तर सांगता आलं असतं, निदान बऱ्याच अंशी. तो बंद पडला तो यांच्या अर्जाने आणि माझ्या प्रिंटने. हे त्यांना कळलेलंच होतं. त्याशिवाय त्यांनी विचारलं नसतं. वहिनी, म्हणजे प्रज्ञाची आई, दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या आमचं बोलणं ऐकत होत्या की नाही, मला कळलं नाही.

"कदाचित सांगता आलं असतं," मी म्हणाले.

कांबळेंनी मान हलवली. अहवाल परत लावला, टॅगची गाठ मारली. "तरी मी अर्ज केलाच असता," ते म्हणाले. "तो करायलाच हवा होता. फक्त त्याचं हे होईल, हे तेव्हा लक्षात आलं नाही." मग मला बाहेर रिक्षापर्यंत सोडायला आले. चौकात रिक्षा मिळेना, तर अर्धा तास माझ्याबरोबर उभे राहिले. आम्ही सिंहगड रोडच्या ट्रॅफिकबद्दल बोललो.

मराठेंनी मला काही ऐकवलं नाही. त्यांच्याकडून वैद्यकीय कामं येणं बंद झालं, एवढंच. दुसऱ्या एजन्सीज होत्या. दोनेक वर्षांनी त्यांतल्या एकीकडून दुसऱ्याच कुठल्यातरी ट्रायलचं संमतीपत्रक आलं, सोबत मंजूर शब्दांची यादी. चाचणी, यादृच्छिक, घटक. यादी कुठून कुठे फिरली कोणास ठाऊक. मी क्वेरी शीटमध्ये पूर्ण पानभर लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं आणि ती ओळ मला पाठ होती. ते काम मी न करता परत पाठवलं.

अजूनही मी संमतीपत्रकं करते, पण सर्टिफिकेटवर सही करायच्या आधी वर हाताने एक ओळ लिहिते: 'अनुवाद मूळ मजकुराप्रमाणे आहे. वाचणाऱ्याला तो कळतो की नाही, हे कोणी तपासलेले नाही.' दोन दिवसांत फोन येतो. सर्टिफिकेटचा नमुना ठरलेला असतो मॅडम, त्यात आपल्या मनाने काही लिहिता येत नाही, ती ओळ काढून नवीन प्रत पाठवा. मी पाठवत नाही. मग ते दुसऱ्या अनुवादकाची सही घेतात, आणि फॉर्म ठरलेल्या तारखेला छापून होतो.